बोलायची खोली

आज दुपारी एक्स-रेच्या खोलीतून बाहेर आले, तर कॉरिडॉरच्या खिडकीतलं आभाळ पिवळं पडलं होतं. आधी समोरची मशीद दिसेनाशी झाली, मग पार्किंगमधल्या गाड्या, मग खिडकीला लागून असलेलं बोरीचं झाडही. "सरायात, मॅडम," आमची केरळची सिस्टर म्हणाली आणि दाराखाली ओला टॉवेल सारायला धावली. वसंत संपता संपता कुवेतमध्ये अशी वादळं येतात. सकाळी आभाळ निळंशार असतं, दुपारी धुळीची भिंत चालून येते, संध्याकाळी चार टपोरे थेंब पडून गाड्यांवर चिखलाची नक्षी उमटते, आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असं ऊन. आपला वळीव निदान गारवा तरी ठेवून जातो. सरायात ठेवते ती माती. डब्यांच्या झाकणांवर, देव्हाऱ्यात, चहाच्या कपात, दातांखालीसुद्धा.

घरी गेल्यावरची कामं मला पाठ आहेत. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावायची, एसीच्या तोंडाला मलमल बांधायची, गॅलरीतले कपडे आत घ्यायचे. हात आपोआप चालतात. मन मात्र दरवर्षी याच दिवसांत काही वर्षांपूर्वीच्या एका सरायातीकडे जातं. धुळीचा वास नाकात शिरला की मला त्या वेळची आमच्या घरातली शांतता आठवते. त्या मोसमात माझ्या नवऱ्याला बोलायला बंदी होती.

माझा नवरा श्रीकांत सोलापूरचा, मी नाशिकची. तो तेव्हा बांधकामाच्या साइटवर सेफ्टी ट्रेनर होता. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी कामगारांच्या घोळक्यापुढे उभं राहून आज कुठे आणि कसं जपायचं ते सांगायचं, ही त्याची नोकरी. जलीब या कामगारवस्तीतल्या दाटीवाटीच्या खोल्यांतून बसमध्ये बसून आलेली, झोप पुरी न झालेली ती माणसं. त्यांना जागं करायचं काम श्रीकांतचा आवाज करायचा. हिंदी, थोडी तेलुगू, कामापुरती अरबी, आणि राग आला की अस्सल सोलापुरी. "हेल्मेट डोक्यात घालायचं असतंय बे, काखेत मारायचं नसतंय!" हे बिहारच्या पोरांनाही बरोबर कळायचं. माइक हातात घेणं त्याला कमीपणाचं वाटे.

घरीही तोच आवाज. बनेद अल-गारच्या आमच्या इमारतीत लिफ्टचं दार उघडायच्या आधीच तो आल्याचं शेजारच्या इजिप्शियन बाईंना कळायचं, आणि त्या टीव्ही मोठा करायच्या. सोलापूरला आईशी फोनवर बोलायचा तेव्हा फोनची गरज काय, असं मी विचारायचे. माझं काम याच्या नेमकं उलट. मी दिवसभर एक्स-रे काढताना माणसांना सांगते, 'खुद नफस, ला तितनफ्फस', म्हणजे श्वास घ्या, आता घेऊ नका. माणसं गप्प आणि स्थिर राहिली तरच माझं काम होतं. असा हा जोडा. पण खरं सांगू? दवाखान्यातून दमून यावं, लिफ्टमधून बाहेर पडावं आणि दाराआडून तो आवाज ऐकू यावा, म्हणजे मला घरी पोचल्यासारखं वाटायचं. हे त्याला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगायला त्याने मध्ये जागा सोडली असती तर ना.

त्या मोसमाआधीच्या शरदात आम्ही आमच्या मुलीकडे, मुक्ताकडे गेलो होतो. मुक्ता कुवेतमध्येच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. ती फ्रान्समध्ये जुन्या वास्तू कशा जपायच्या ते शिकत होती आणि तिच्या अभ्यासाला होता सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा एक मठ. आई-बाप युरोपात आले म्हणजे बर्फ, बोटीची सैर वगैरे दाखवावं, तर ही आम्हाला घेऊन गेली एका दरीत, जिथे एक ओढा, पिवळ्या पानांची झाडं आणि मोठमोठे उघडे दगड. "एवढ्यासाठी व्हिसा काढला होय?" श्रीकांतने विचारलं. दरीनेही ते ऐकलं असेल.

नऊशे वर्षांपूर्वीचे हे साधू. गाव आणि बाजार मागे टाकायचा, पाणी असलेली निर्जन जागा शोधायची आणि तिथे आपल्या हातांनी घर उभं करायचं. अंगावर न रंगवलेल्या लोकरीचे झगे. खिडक्यांना रंगीत काचा नकोत, भिंतींना चित्रं नकोत. मला वाटलं होतं तो मठ भकास वाटेल. तसं झालं नाही. दुपारचं ऊन साध्या काचेतून फरशीवर पडलं होतं आणि एवढ्या मोठ्या जागेत बघण्यासारखं तेवढंच होतं, त्यामुळे ते नीट बघितलं गेलं. मुक्ताला मात्र वेड पाण्याचं. त्यांनी ओढा वळवून तो आधी स्वयंपाकघरात नेला, मग गिरणीला, मग लोहारशाळेला, आणि शेवटी शौचकूपांखालून बाहेर काढला. साधू जाऊन दोनशेहून जास्त वर्षं झाली. पाणी अजून त्यांनी आखलेल्या चरातून वाहतंय. "नोबडी रिमेंबर्स देअर नेम्स, आई," मुक्ता म्हणाली, "बट द वॉटर स्टिल गोज व्हेअर दे टोल्ड इट टू." मी वाकून हात घातला. पाणी बर्फासारखं गार होतं.

चौकाच्या कडेला एक अरुंद खोली होती. बसायला बाक नाही, खिडकी नावापुरती. मुक्ताने सांगितलं, ही बोलायची खोली. मठात मौन, पण माणसं एकत्र राहणार, शेती करणार, भिंती बांधणार, म्हणजे कधीतरी बोलावं लागणारच. तेव्हा इथे यायचं, उभ्या उभ्या गरजेपुरतं बोलायचं आणि कामाला लागायचं. बाकीचा व्यवहार हाताच्या खुणांनी. दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीचं गोल रिंगण केलं की पाव. पंजा शेपटीसारखा हलवला की मासा. तान्ह्या बाळासारखी करंगळी ओठांना लावली की दूध. श्रीकांतने सगळ्या खुणा तिथल्या तिथे करून बघितल्या आणि प्रत्येक खुणेबरोबर तिचं नावही मोठ्याने घेतलं, "भाकरी! मासा! दूध!" मुक्ता म्हणाली, "बाबा, यू आर मिसिंग द पॉइंट."

चर्चमध्ये तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. श्रीकांतला राहवतंय होय? मधोमध उभं राहून त्याने "ओऽ" केलं. आवाज वर गेला, कमानींमध्ये फिरला आणि सावकाश परत आला. त्या रिकाम्या दगडांमध्ये काही लपत नाही. परत आलेल्या आवाजाला एक बारीक खरखर होती. मी त्याच्याकडे बघितलं. "सर्दी झालीय," तो म्हणाला.

सर्दी नव्हती. स्वरतंतूवर गाठ होती. कुवेतला आल्यावर तपासण्या झाल्या, गाठ काढली, आणि ती साधी निघाली तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडले. वाटलं, सुटलो. पण तंतूवर व्रण धरू लागला आणि त्याला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागलं. तेव्हा मार्च संपत आला होता. आमचे कान-नाक-घशाचे डॉक्टर मराठीच. त्यांनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "आता पूर्ण मौन. मी सांगेपर्यंत. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट जास्त ताण येतो." श्रीकांतने माझ्याकडे बघितलं. त्याचा प्रश्न मी विचारला, "आवाज परत येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "येईल अशी आशा आहे. कसा येईल, किती येईल, ते आज मी सांगू शकत नाही. कदाचित कुजबुजण्याइतकाच राहील." घरी येताना गाडीत श्रीकांतने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

गप्प राहणं जमलं, पण शांत बसणं जमेना. तो बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात मला मेसेज पाठवू लागला. आमटीला फोडणी देताना फोन टणटणायचा: 'हिंग घातलास का?' कपडे वाळत घालताना: 'बातम्या बघितल्यास का?' साइटवरच्या पोरांना, आईला, मुक्ताला, अर्ध्या कुवेतला दिवसभर संदेश जायचे. लिहिता लिहिता त्याचा गळाही हलायचा. मला ते दिसायचं. ओठ मिटलेले, पण कंठ शब्दाबरोबर खालीवर. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, हेही नको.

तेव्हा मला ती खोली आठवली. मी त्याचा फोन कपाटात ठेवला आणि जाहीर केलं, "आजपासून आपल्या घरातही मठाचा कायदा. घरभर खुणा. लिहायचंच असेल तर स्वयंपाकघरात यायचं, उभं राहून पाटीवर लिहायचं, आणि गरजेपुरतं." त्याने हात जोडून कपाळाला लावले. नमस्कार होता की दया करा होतं, ते मी विचारलं नाही. मी जमियातून, म्हणजे आमच्या सहकारी बाजारातून, मुलांची पांढरी पाटी आणून फ्रीजला टांगली.

खुणा हळूहळू बसल्या. पाव, मासा आणि दूध या साधूंच्या घेतल्या, बाकीच्या आमच्या. कानाची पाळी धरली की आईचा फोन. दोन बोटं हवेत चालवली की समुद्रावर फेरी. माझ्यासाठीची खूण त्याने स्वतः काढली, छातीशी एक्स-रेची प्लेट धरावी तसे दोन्ही तळवे. मी हसले, पण ती खूण तो दारातून करायचा तेव्हा हातातलं काम थांबायचं.

दुधाच्या खुणेने घोटाळा केला. तळमजल्यावर इस्माईलभाईंचा बकाला आहे. इथे वाण्याच्या दुकानाला बकालाच म्हणतात. इस्माईलभाई दापोलीकडचे, माणूस अदबीचा. श्रीकांत दूध आणायला खाली गेला. दुकानात गिऱ्हाईकं होती, त्यांच्यादेखत करंगळी ओठाला लावायची लाज वाटली म्हणून त्याने ती नुसती वर करून दाखवली. आता मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला वर केलेल्या करंगळीचा एकच अर्थ ठाऊक. इस्माईलभाईंनी तत्परतेने काउंटरची फळी उचलली, "या, या साहेब, आतमधी जा, लाजता कशाला?" श्रीकांत मान हलवतोय, पुन्हा करंगळी दाखवतोय. इस्माईलभाईंना वाटलं, फारच घाई आहे. त्यांनी हाताला धरून त्याला मागच्या संडासापर्यंत नेलं आणि बाहेर राखण करत उभे राहिले. नंतर मला फोन. "भाबी, वाईट वाटून घेव नका, पण साहेबांचा तो पण इलाज करून घ्या. एकदा आतमधी जाऊन आले तरी परत करंगळीच दाखवतात." श्रीकांत दुधाशिवाय वर आला आणि सोफ्यावर पडून हसला. आवाज न करता हसणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. डोळ्यांतून पाणी, पोट गदगदतंय, आणि खोलीत फक्त एसीची घरघर.

इथल्या मराठी मंडळात तर वेगळंच पसरलं. पाडव्याच्या जेवणाला श्रीकांत आला आणि एक शब्द बोलला नाही, तेव्हा कुणीतरी ठरवून टाकलं की यांनी मौनव्रत घेतलंय. मी खरं सांगितलं तरी दोन काकूंचा विश्वास बसला नाही. एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "कशासाठी गं? नवस बोललाय का?" मी म्हटलं, "बोलला असता तर मौन कसलं?" एरवी श्रीकांत आला की 'आला लाउडस्पीकर' म्हणणारी हीच मंडळी त्याला वाकून पुरणपोळी वाढत होती. इतका मान त्याला बोलून कधी मिळाला नव्हता.

मग सरायात सुरू झाली. एका दुपारी मी रजेवर होते. मी गॅलरीत कपडे काढत होते आणि श्रीकांत आत खिडकीला चिकटपट्टी लावत होता. वारा एकदम उठला. समुद्राकडची बाजू तपकिरी झाली, चादर माझ्या तोंडावर फडफडत गुंडाळली गेली. वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी डिश अँटेनाचा खांब सुटून कठड्यावर लोंबकळत होता. मला तो दिसला नाही. श्रीकांतला दिसला.

पुढचं मला त्याच्याकडून कळलं. तो ओरडायला गेला. तोंड उघडलं, छाती भरली, आणि आवाजच निघाला नाही. मग तो धावला. मला कळलं ते एवढंच की कुणीतरी दंडाला धरून मागे खेचलं, आणि ती अँटेना माझ्या जागेवर आदळून खाली गेली. आम्ही दोघं चादरीसकट फरशीवर बसलो होतो. मला लागलं नव्हतं. श्रीकांतचं तोंड मात्र अजून उघडंच होतं.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. पाटीवर लिहिलं, 'हाक मारता आली नाही.' पुसलं. पुन्हा लिहिलं, 'उद्या साइटवर एखाद्या पोराच्या डोक्यावर पडलं तर?' मग खडू ठेवावा तसा पेन ठेवला आणि ओट्याला टेकून रडला. बाहेर घूं घूं चाललं होतं, दिवसा दिवा लावावा लागला होता. मला त्याचं सांत्वन करता आलं नाही, कारण मीही घाबरले होते. तो घरातला सगळ्यात मोठा माणूस होता आणि त्या आवाजाशिवाय मला एकदम लहान दिसत होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. धूळ बसेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

नंतरच्या दिवसांत मी त्याला फार वेळा साधूंची गोष्ट सांगू पाहिली. त्यांनी मौन आपणहून घेतलं होतं, पोटापाण्यासाठी त्यांना कुणाला हाका मारायच्या नव्हत्या, हे तो मला डोळ्यांनीच सांगायचा. बरोबरच होतं त्याचं. मुक्ताने मात्र व्हिडिओ कॉलवर एक सांगितलं ते त्याला पटलं. दिवसभर न बोलणारे ते साधू दिवसातून कितीतरी वेळा चर्चमध्ये जमून गायचे. "दे वेअरन्ट अगेन्स्ट द व्हॉइस, बाबा. दे वेअर सेव्हिंग इट." बाबांनी अंगठा वर केला. मग स्वयंपाकघरात येऊन पाटीवर लिहिलं, 'गाता कुठं येतंय मला.'

आणि मला? मला त्या शांततेची गोडी लागली होती. हे कुणाला कसं सांगायचं? संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर चालायला जायचो. अजान व्हायची, पाण्यावर मासेमारीच्या बोटी असायच्या. एरवी ज्या गोष्टी श्रीकांत मला बोट दाखवून, नाव घेऊन, भाव सांगून दाखवायचा, त्या आम्ही नुसत्या बघायचो. कधी तो माझा हात दाबायचा आणि मी त्याने दाखवलेल्या दिशेला बघायचे. मी बोलू लागले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण होत होतं. लहानपणच्या, दवाखान्यातल्या, आईच्या गोष्टी मी त्याला सांगितल्या आणि तो ऐकत होता. सुख वाटायचं. लगेच भीतीही वाटायची, की हे सुख घेतल्यामुळेच त्याचा आवाज येणार नाही. माणसाचं मन असलं काहीतरी खुळं बोलतंच.

मेच्या अखेरीस सरायात ओसरली आणि खरा उन्हाळा चढू लागला. डॉक्टरांनी आवाजाच्या थेरपिस्टकडे पाठवलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलणार होता. मी रजा मागितली, पण आमच्याकडची दोन माणसं सुट्टीवर गेलेली, मिळाली नाही. "एकटा जाशील?" मी विचारलं. त्याने मान डोलावली. साइटच्या ऑफिसात त्याला तोवर कागदांवर बसवलं होतं, पण हे किती दिवस चालणार ते दोघांनाही माहीत होतं. तो दारातून गेला तेव्हा शर्टाला इस्त्री होती. नोकरीच्या मुलाखतीलाही त्याने एवढी कडक इस्त्री केली नव्हती.

दुपारी आमच्या डिपार्टमेंटचा टेबलावरचा फोन वाजला. बाहेर पेशंट ताटकळत होते. मी घाईत उचलला.

"एक्स-रे," मी म्हटलं.

पलीकडे एक माणूस मराठीत बोलत होता. आवाज बारीक, वारं मिसळलेला, मध्येच तुटणारा. वयस्कर कुणीतरी असावं. माझं जेवण झालं का, असं तो विचारत होता. मला वाटलं, मंडळातले कुणी काका असतील, रिपोर्टचं काम असेल, आधी चौकशी चाललीय.

"आपण कोण बोलताय?" मी विचारलं.

"मी," तो आवाज म्हणाला. "श्रीकांत."

मी खुर्चीत बसले. लिफ्टमधून बाहेर येताच मला घरी पोचवणारा तो आवाज आता कधीच येणार नव्हता, हे मला त्याने नाव सांगितलं त्या क्षणी कळलं. डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं. बाहेर कुणी बाई खोकत होत्या, कुणीतरी दार ठोठावलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसत नव्हते.

"ओळखलं नाहीस," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. त्याच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"मलापण ओळखू येईना झालंय. थेरपिस्टबाई चांगला आलाय म्हणतीय." मग थांबला. श्वास घेतला. "इथल्या रिसेप्शनच्या फोनवरनं करायलोय. तुलाच पहिला केला. आईला केला नाही अजून. ती घाबरंल."

एवढं बोलायला त्याला फार वेळ लागला. आणि त्या तुटक्या आवाजाच्या आत कुठेतरी सोलापूर शाबूत होतं. जरा मोठ्याने बोल, असं त्याला म्हणायची सोय नव्हती. मी उठून दार आतून लावून घेतलं, मशीन बंद केली, खोलीतला एसीही बंद केला आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"हं," मी म्हटलं. "आता बोल. मला तुझा आवाज ओळखायला शिकायचंय."